रोज पाच ओळी

(संयुक्त अरब अमिराती या देशात नोकरीधंद्यानिमित्त अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथील मराठी मुलांच्या एका मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले हे भाषण आहे. रोज थोडे थोडे लिहिण्याची सवय का लावावी आणि ती कशी लावावी, हे त्यांनी या भाषणात सोप्या शब्दांत सांगितले आहे.)

बालमित्रांनो,

तुम्ही दुबईहून, शारजाहून, अबुधाबीहून आणि थेट अल ऐनहून येथे आला आहात. सुटीच्या दिवशी लवकर उठून आलात, याचे मला कौतुक वाटते. आधी मी तुम्हांला तीन प्रश्न विचारते. मराठी बोलता कोणाकोणाला येते? वा, सगळ्यांचेच हात वर! मराठी वाचता कोणाला येते? बरेच हात खाली गेले. आणि मराठीत रोज काही लिहिणारे कोण आहे? हं, आता दोनचारच हात दिसतात. लाजू नका. ज्यांचे हात खाली आहेत त्यांच्याशीच मला आज बोलायचे आहे.

आपण पावसापासून सुरुवात करू. तुम्ही म्हणाल, वाळवंटात कसला पाऊस! पण १६ एप्रिल २०२४ हा दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी या देशात असा पाऊस कोसळला, की रस्त्यांच्या नद्या झाल्या. मोटारी पाण्यात अडकल्या. दुबईच्या विमानतळावर पाणीच पाणी झाले. शाळा घरूनच भरवाव्या लागल्या. अल ऐन भागातील खत्म अल शकला या ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडला. १९४९ सालापासूनच्या नोंदींत एवढा पाऊस कधी सापडत नाही, असे येथील हवामान खात्याने सांगितले.

आता जरा विचार करा. १९४९ सालापासून असा पाऊस झाला नाही, हे कळले कसे? तेव्हा हा देशही अजून स्थापन व्हायचा होता. तो झाला २ डिसेंबर १९७१ रोजी. मग पंचाहत्तर वर्षांचा पाऊस कोणाच्या लक्षात राहिला?

तो कोणाच्याच लक्षात राहिला नाही. तो लिहून ठेवला म्हणून उरला. पाऊस मोजण्याचे एक भांडे असते. त्यात किती पाणी जमले ते पाहायचे आणि तारीख घालून तो आकडा लिहायचा, हे काम माणसे करत आली. येथे वर्षातले बहुतेक दिवस कोरडे असतात. म्हणजे त्या माणसांनी पानामागून पान ‘पाऊस नाही, पाऊस नाही’ असेच लिहिले असणार. त्यांना कंटाळा आला नसेल का? आज लिहिण्यासारखे काय आहे, असे वाटले नसेल का? पण त्या कोरड्या दिवसांच्या नोंदी होत्या म्हणूनच ओल्या दिवसाचे मोठेपण कळले.

मुलांनो, रोज लिहिण्याचे पहिले गुपित हेच आहे. काही विशेष घडले तरच लिहीन, असे म्हणणारा फार दिवस लिहीत नाही. साध्या दिवशी जो लिहितो, त्याचीच वही भरते.

दुसरे गुपित सांगण्यासाठी मी तुम्हांला अल ऐनच्या खजुरांच्या बागांत घेऊन जाते. अल ऐनची मुले तर तेथे नेहमीच जात असतील. बाहेर रणरणते ऊन आणि आत गार सावली. त्या झाडांना पाणी मिळते ते ‘फलज’मधून. फलज म्हणजे पाण्याचा पाट. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली जे पाणी असते, ते उताराने हळूहळू वाहत येईल असा भुयारी मार्ग खणायचा आणि पुढे ते उघड्या पाटाने बागेत सोडायचे. अल ऐनजवळ हिली येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या फलजचे अवशेष सापडले आहेत.

फलजला धो धो पाणी नसते. ते बारीक धारेने वाहते. पण रोज वाहते. प्रत्येक बागेची पाळी ठरलेली असते. आपल्या महाराष्ट्रातही पाटाच्या पाण्याची अशीच पाळी असते. ज्याची पाळी असेल तो शेतकरी अपरात्रीदेखील उठून आपल्या वाफ्याकडे पाणी वळवतो. पाळी चुकली तर पीक वाळते, हे त्याला पक्के ठाऊक असते. पाटात गाळ साचला तर पाणी अडते. म्हणून गाळ काढत राहावे लागते.

एप्रिलमधला तो मोठा पाऊस एका दिवसात पडला आणि बरेचसे पाणी नासधूस करून निघून गेले. बारीक धारेच्या फलजने मात्र शेकडो वर्षे बागा जगवल्या. लिहिण्याचेही असेच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा पाने निबंध घोटणे म्हणजे तो एका दिवसाचा पूर. रोज पाच ओळी लिहिणे म्हणजे फलज. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण तुम्ही ऐकली असेलच.

रोज लिहिण्याची ही रीत येथील लोकांना नवी नाही. या किनाऱ्यावर पूर्वी दर्यावर्दी लोक राहत. आखातातून मोठी गलबते आपल्या मुंबईपर्यंत आणि पुढे केरळपर्यंत जात. गलबताच्या प्रमुखाला ‘नाखुदा’ म्हणत. आपल्या कोकणात ‘नाखवा’ म्हणतात ना, तोच हा शब्द! लांबच्या सफरीवर जाणारे काही नाखुदा रोजची नोंद ठेवत. आज वारा कोणत्या दिशेचा होता, गलबत कोठवर आले, कोणते बंदर लागले, हे ते लिहीत. त्या वहीला ते ‘रोजनामा’ म्हणत. आणि आपण मराठीत दिवसाच्या नोंदवहीला काय म्हणतो? रोजनिशी! ‘रोज’ हा शब्द फारसी भाषेतला. तो अरबस्तानात गेला आणि आपल्याकडेही रुजला.

येथून उत्तरेला रास अल खैमा आहे. तेथे पूर्वी जुल्फार नावाचे बंदर होते. अहमद इब्न माजिद नावाचा पंधराव्या शतकातील थोर दर्यावर्दी त्या बंदराचा, असे मानतात. त्याचे वडील आणि आजोबाही जहाजे हाकणारे होते. तारे पाहून वाट कशी काढावी, वारे केव्हा बदलतात, कोणत्या किनाऱ्याच्या काय खुणा आहेत, हे ज्ञान पूर्वी बापाकडून मुलाकडे तोंडी जाई. इब्न माजिदने ते लिहून काढले. सुमारे १४९० साली त्याचा मोठा ग्रंथ पुरा झाला. त्यात आपल्या हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचीही माहिती आहे. त्याच्या काळी या पाण्यात कितीतरी कुशल नाखुदा असतील. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. इब्न माजिदचे नाव पाचशे वर्षांनंतरही आपण घेतो, कारण त्याने लिहून ठेवले.

आपल्या महाराष्ट्रातही रोजच्या नोंदी ठेवण्याची मोठी परंपरा आहे. पेशव्यांच्या काळात रोजचा जमाखर्च लिहिण्याच्या वहीला ‘रोजकीर्द’ म्हणत. असे हजारो रुमाल कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात जपून ठेवले आहेत. ते मोडी लिपीत आहेत. समर्थ रामदासांनी तर दासबोधात लेखन कसे करावे यावर एक सबंध समासच लिहिला आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर एकसारखे दिसावे, असे त्यात सांगितले आहे. रोजचा सराव असल्याशिवाय असे अक्षर कोणाला येईल?

पण रोजच्या लेखनाचे सर्वांत सुंदर उदाहरण द्यायचे, तर मी साने गुरुजींचे देईन. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे पूर्ण नाव. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी त्यांचा जन्म झाला. १९२४ साली ते खानदेशातील अंमळनेर येथे शिक्षक झाले. तेथील छात्रालयात, म्हणजे वसतिगृहात, ते मुलांबरोबर राहत. आईवडिलांना सोडून लांबून आलेली ती मुले. गुरुजी त्यांची मायेने काळजी घेत.

या मुलांसाठी गुरुजींनी एक गोड उद्योग सुरू केला. ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढू लागले. दैनिक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे छापखाना येईल. येथे छापखाना नव्हता की कामगार नव्हते. गुरुजी स्वतःच्या हाताने ते लिहून काढत. मुलांना सांगायच्या गोष्टी, विचार, माहिती असे कितीतरी त्यात असे. दिवसभर वर्गात शिकवायचे, वसतिगृहाचे सारे पाहायचे आणि शिवाय रोज दैनिक लिहायचे! वाचणारे कोण? तर वसतिगृहातली मुले. त्यातून पैसा मिळणार नव्हता की बक्षीस मिळणार नव्हते. तरीही गुरुजी लिहीत राहिले. त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही चालवले.

या सवयीचे पुढे काय झाले ते ऐका. १९३० साली गुरुजी नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. त्यांना तुरुंगवास झाला. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथेच विनोबा भावेही होते. विनोबा दर रविवारी कैद्यांना गीतेवर प्रवचन देत. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार ही प्रवचने चालली. गीतेचे अध्याय अठरा आणि रविवारही अठरा! विनोबा बोलत आणि साने गुरुजी ते भराभर लिहून घेत. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहायचे, तेही अर्थ न सोडता, हे सोपे नाही. ज्याचा हात रोज चालतो त्यालाच ते जमते. गुरुजींनी लिहून घेतले म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळाले.

पुढच्याच वर्षी गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. दिवसा तुरुंगातील काम करावे लागे. रात्री ते लिहायला बसत. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लिहायला आरंभ केला आणि १३ फेब्रुवारीला त्या गोष्टी संपवल्या. अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून झाला. लोक म्हणतात, पाच दिवसांत एवढे पुस्तक! मला मात्र त्या पाच दिवसांच्या मागे अंमळनेरचे रोजचे दैनिक दिसते. मनात आईच्या आठवणी भरून आल्या होत्या हे तर खरेच. पण त्या कागदावर उतरवणारा हात कितीतरी वर्षे आधीच तयार झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सारे मोठे लोक. आम्ही काय ग्रंथ लिहिणार आहोत? तर मग एका साध्या माणसाची गोष्ट ऐका. माझे वडील १९७६ साली रत्नागिरी जिल्ह्यातून दुबईला कामाला आले. आम्ही भावंडे आईजवळ गावीच राहिलो. माझा धाकटा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता. गावात टेलिफोन नव्हता. शुक्रवार हा वडिलांचा सुटीचा दिवस. दर शुक्रवारी जेवण झाले की ते पत्र लिहायला बसत. त्यांच्या खोलीत आठ माणसे राहत. त्यांतल्या काहींना लिहिता येत नसे. त्यांचीही पत्रे वडील लिहून देत.

वडील चौथी शिकलेले होते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तर ओळीओळीला. पण ते नुसते ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ एवढेच लिहीत नसत. आज डाळ कोणी करपवली, खाडी ओलांडायला अब्रा नावाची होडी कशी लागते, उन्हात लोखंडी शिडीला हात कसा लावता येत नाही, असे सारे ते लिहीत. त्या वेळी दुबईत वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उंच बुरूज उभा राहत होता. तो ३९ मजल्यांचा बुरूज १९७९ साली पुरा झाला. आज त्याच्याहून कितीतरी उंच इमारती तुम्ही पाहता. पण तेव्हा सारी दुबई त्याच्याकडे मान वर करून पाही. वडील लिहीत, “आज आणखी एक मजला चढला. आपल्या परड्यातले माड एकावर एक उभे केले तर कदाचित पोचतील.”

आई ती पत्रे आम्हां सगळ्यांना वाचून दाखवी. १९७८ साली वडील प्रथमच सुटीवर घरी आले. धाकटा भाऊ चार वर्षांचा झाला होता. दोन वर्षे वडिलांना न पाहिलेला मुलगा. तो आता आईच्या पदराआड लपणार, असे सर्वांना वाटले. पण तो सरळ पुढे गेला आणि म्हणाला, “बाबा, बुरुजाचे किती मजले झाले?” वडिलांनी त्याला उचलून घेतले. त्या पत्रांनी बापलेकांना एकमेकांपासून दूर जाऊ दिले नव्हते. ती पत्रे आजही आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात आहेत. वडील आता नाहीत. पण डबा उघडला की करपलेल्या डाळीसकट ते आमच्याशी बोलू लागतात.

म्हणून मुलांनो, रोज लिहा. मोठे लेखक होण्यासाठीच लिहायचे असते असे नाही. आपल्या माणसांशी जोडलेले राहण्यासाठी लिहायचे असते. आपला दिवस आपल्या हातून निसटून जाऊ नये म्हणून लिहायचे असते.

आता ही सवय लावायची कशी? मी तुम्हांला काही सोप्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, वेळ ठरवा. जमेल तेव्हा लिहीन, असे म्हटले की कधीच जमत नाही. गावाकडे दिवेलागणीच्या वेळी आजी देवापाशी दिवा लावते आणि मुले शुभंकरोती म्हणतात. साधारण त्याच वेळी येथे मशिदीतून मगरिबची बांग ऐकू येते. हिवाळ्यात ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला होते आणि उन्हाळ्यात सात वाजून गेल्यावर. ती बांग कानी पडली की वही उघडायची, असे ठरवून टाका. मग घड्याळाकडे पाहावे लागत नाही आणि आईला आठवण करून द्यावी लागत नाही. ज्यांना ही वेळ सोयीची नसेल, त्यांनी दुसरी निवडावी; पण ती रोज बदलू नये.

दुसरी गोष्ट, वही आणि पेन्सिल एकाच जागी ठेवा. पेन्सिल शोधण्यातच दहा मिनिटे गेली, की लिहिण्याचा उत्साह मावळतो. वही साधी असली तरी चालेल. फार सुंदर वही आणू नका. सुंदर वहीत खराब अक्षर काढायला मन धजत नाही आणि वही कोरीच राहते.

तिसरी गोष्ट, माप लहान ठेवा. रोज पाच ओळी. पहिल्या दिवशी हुरूप येतो आणि चार पाने लिहाविशी वाटतात. दुसऱ्या दिवशी दोन पाने होतात, तिसऱ्या दिवशी हात दुखतो आणि चौथ्या दिवशी वही कपाटात जाते! दिवाळीला, सहलीला, गावी गेल्यावर खुशाल जास्त लिहा. पण एरवी पाच ओळी पुरेत. तापाने अंग कणकणत असेल त्या दिवशी एक ओळ लिहा. फलजची धार बारीक झाली तरी चालते, ती आटू नये.

चौथी गोष्ट, पाहिलेले लिहा. पुष्कळ मुले लिहितात, ‘सकाळी उठलो. दात घासले. शाळेत गेलो. घरी आलो. झोपलो.’ हे तर सगळेच करतात! आज तुम्हीच पाहिले असे काय होते, ते लिहा. एका मुलीच्या पाच ओळी अशा असू शकतील :

‘आज शमाल वारा सुटला होता. समोरची इमारत दिसेनाशी झाली. आईने वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले. खालच्या दुकानातले काका दारातली वाळू झाडत होते आणि वारा ती परत आणून टाकत होता. मी त्यांना विचारले, “काका, तुम्ही हरणार की वारा?” ते हसले आणि झाडतच राहिले.’

पाहा बरे, यात मोठा प्रसंग काहीच नाही. पण तो दिवस आता त्या मुलीचा झाला. काही सुचलेच नाही, तर आज काय खाल्ले ते चवीसकट लिहा. कोणाचे बोलणे आवडले ते लिहा. एखादा प्रश्न पडला असेल तर तो लिहा. घाफच्या झाडाला या वाळवंटात पाणी कोठून मिळते, असा प्रश्न लिहिला की दुसऱ्या दिवशी उत्तर शोधावेसे वाटते.

पाचवी गोष्ट, चुकांना भिऊ नका. तुम्ही शाळेत इंग्रजी डावीकडून उजवीकडे लिहिता आणि अरबी उजवीकडून डावीकडे लिहिता. दोन दिशांनी हात चालवणारी हुशार मुले तुम्ही! तुमच्यापैकी जे हिंदी शिकतात त्यांना देवनागरी अक्षरे येतातच. ‘बाळ’, ‘फळ’, ‘शाळा’ यांतला ‘ळ’ तेवढा नीट गिरवा. मराठी शब्द आठवला नाही, तर त्या जागी माहीत असलेला कोणताही शब्द देवनागरीत लिहा आणि खाली रेघ मारा. रात्री आईबाबांना विचारून मराठी शब्द वर लिहा. मात्र शब्द अडला म्हणून लिहिणे अडू देऊ नका. खोडत बसाल तर पान फाटेल. पुढे जाल तर हात सुधारेल.

सहावी गोष्ट फार महत्त्वाची आहे. कधी ना कधी खाडा पडेल. पाहुणे येतील, प्रवास असेल, झोप लागेल. खाडा पडला की मुलांना वाटते, आता झाले, सवय मोडली, कशाला लिहायचे! असे मुळीच नाही. एका दिवसाची पाळी चुकली म्हणून शेतकरी पाट बुजवून टाकत नाही. दुसऱ्या दिवशी तारीख घाला, ‘काल लिहिले नाही’ असे खरे ते लिहा आणि पुढच्या पाच ओळी लिहा. कालच्या पाच आणि आजच्या पाच अशा दहा ओळींची शिक्षा स्वतःला करू नका. आणि न घडलेले काही रचून मागची पाने भरू नका. रोजनिशी खरी असावी.

येथे मागच्या रांगेत बसलेल्या पालकांनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. मुलांची वही त्यांना न विचारता वाचू नका. वाचलीत तर त्यातल्या चुकांवर लाल रेघा मारू नका. झाडाला पाणी घालावे. ते वाढले का हे पाहायला रोज उपटून पाहू नये. तुम्हीही त्याच वेळी शेजारी बसून चार ओळी लिहिल्यात, तर मुलांना दुसरे काही सांगावे लागणार नाही.

मुलांनो, एक महिना झाला की आपली वही पहिल्या पानापासून वाचा. तुम्हांला हसू येईल. विसरलेल्या गोष्टी आठवतील. पहिल्या आठवड्यातले अक्षर आणि चौथ्या आठवड्यातले अक्षर यांतला फरकही दिसेल. मग त्या वहीतल्या सर्वांत छान पाच ओळी निवडा आणि एका कोऱ्या कागदावर उतरवून गावी आजीआजोबांना पाठवा. तुम्ही दूरध्वनीवर त्यांच्याशी बोलता, पडद्यावर त्यांना पाहता, हे चांगलेच आहे. पण बोलणे वाऱ्यावर जाते. नातवाच्या हातचा कागद आजी उशाखाली ठेवील आणि आल्यागेल्याला वाचून दाखवील. ज्या भाषेत ती तुम्हांला गोष्टी सांगते, त्याच भाषेत तुम्ही तिला लिहिलेत, यासारखा आनंद तिला दुसरा नाही.

हा देश पुस्तकांवर प्रेम करणारा आहे. शारजात १९८२ सालापासून मोठा ग्रंथमेळा भरतो. २०१९ साली युनेस्कोने शारजाला जागतिक ग्रंथ राजधानीचा मान दिला. दुबईत २०२२ साली उघडलेल्या मोठ्या ग्रंथालयाची इमारत तर उघड्या पुस्तकासारखी आहे. तेथे जा, भरपूर वाचा. पण घरी येऊन तुमच्या छोट्या वहीत पाच ओळी लिहायला विसरू नका. त्या लाखो पुस्तकांत तुमचा आजचा दिवस कोठेही सापडणार नाही. तो लिहिणारे या जगात तुम्ही एकटेच आहात.

शुभ दिवसाची वाट पाहू नका. पुढच्या महिन्याच्या एक तारखेची वाट पाहू नका. आज संध्याकाळी वही घ्या, वर तारीख घाला आणि पहिली ओळ लिहा. उद्या दुसरे पान आपोआप तुमची वाट पाहील.

तुमच्या वह्यांना माझे आशीर्वाद!

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १६ एप्रिल २०२४ रोजी काय घडले?
(आ) फलज म्हणजे काय?
(इ) साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी कोणते दैनिक काढत?
(ई) ‘गीता प्रवचने’ कोणी लिहून घेतली?

२. दोनतीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोरड्या दिवसांच्या नोंदींचा काय उपयोग झाला?
(आ) धाकट्या भावाने वडिलांना बुरुजाविषयी का विचारले असेल?
(इ) खाडा पडल्यावर काय करावे, असे बाई सांगतात?

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) “बाबा, बुरुजाचे किती मजले झाले?”
(आ) “काका, तुम्ही हरणार की वारा?”

४. वाक्यांत उपयोग करा : खाडा पडणे, हुरूप येणे, मन धजणे.

५. उपक्रम : आज तुम्ही पाहिलेल्या एका साध्या गोष्टीविषयी पाच ओळी लिहा. असे सात दिवस करा आणि आठव्या दिवशी त्या ओळी वर्गात वाचून दाखवा.